पांडाचा विदर्भातला भाऊबंद आणि मोहाची पहाट

कोणी वर्धा रोडवर मेट्रोत उभे असाल, कोणी हिंगण्याच्या एमआयडीसीतून शिफ्ट संपवून बसनं परत येत असाल, कोणी भांडी घासता घासता ऐकत असाल. सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितके काढलेत. उरलेले गोड मानून घ्या.

या एपिसोडची सुरुवात पांडापासून झाली. आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण आहे, रोज दुपारी जेवणानंतर पांडाचं रील टाकतो. पांडा घसरगुंडीवरून पडतोय, पांडा बांबू खातोय, पांडा बांबू खाता खाता झोपतोय. एक दिवस तो म्हणाला, "तू एवढं इतिहासावर बोलून राहिला, कधी पांडावर पण बोल ना बे." मी म्हटलं, बरं. वाचायला बसलो आणि दोन रात्रींत लक्षात आलं, की पांडाची जी गोष्ट मी वाचतोय, जवळपास तशीच गोष्ट आमच्या विदर्भातल्या अस्वलाची आहे. फरक एवढाच, की त्याचं रील कोणी टाकत नाही. शिवाय आमच्या घरातल्या एका माणसाच्या चेहऱ्यावर त्या अस्वलाची खूण आहे. त्यांच्याबद्दल शेवटी सांगतो.

आधी पांडाचा दिवस कसा जातो ते बघू. पांडा हे अस्वलच आहे. पोट मांसाहारी प्राण्याचं, पण जेवण जवळजवळ पूर्ण बांबूचं. त्या पोटाला बांबू नीट पचत नाही, खाल्लेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागतो. मग उपाय काय? खात राहायचं. दिवसाचे दहा ते चौदा तास खाणं, रोज १२ ते ३८ किलो बांबू, आणि मधल्या वेळात झोप. हिवाळ्यात बाकीची काही अस्वलं महिनोन् महिने गुहेत पडून राहतात. पांडाला ते परवडत नाही, कारण अंगात तेवढी चरबी साठतच नाही. आणि बांबू धरायला त्याच्या मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय. म्हणजे आपल्याला जो आळस दिसतो, तो त्याचा हिशोब आहे. मिळकत कमी, म्हणून खर्च कमी.

आता आपल्याकडचं अस्वल बघा. ताडोबा, मेळघाट, पेंच, बुलढाण्याचं ज्ञानगंगा, सगळीकडे आहे. अंगावर काळे, लांब, विस्कटलेले केस, छातीवर पांढरट व्हीचा आकार, पुढच्या पंजांना बोटभर लांब नखं. पांडानं बांबू निवडला, यानं वाळवी निवडली. आणि त्यासाठी त्याचं सगळं तोंड बदललंय. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतातच, तिथे फट असते. ओठ लांब करता येतात, नाकपुड्या बंद करता येतात. अस्वल नखांनी वारूळ फोडतं, फुंकर मारून माती उडवतं, नाक मिटतं आणि त्या फटीतून वाळवी ओढून घेतं. व्हॅक्यूम क्लीनरच म्हणा ना! आवाजही तसाच, शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

बाकीचं त्याचं खाणं ऋतूप्रमाणे. थंडीत बोरं, मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं, मे महिन्यात टेंभरं, पावसाच्या तोंडावर जांभळं, मध्ये उंबर, बहाव्याच्या शेंगा आणि कधीही मिळालं तर मध. मधासाठी झाडावर सरळ चढतं. आपल्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात दिवसभर खडकाच्या कपारीत नाहीतर दाट झुडपात पडून राहतं, सूर्य कलला की निघतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत फिरतं. साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत मादी गुहेत पिल्लं देते, बहुतेक वेळा दोन. बाहेर पडल्यावर पिल्लं आईच्या पाठीवर, त्या लांब केसांना धरून बसतात. कित्येक महिने त्यांचा प्रवास असाच.

आता इतिहास.

१७९१ साली लंडनमध्ये जॉर्ज शॉ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं. तो ब्रिटिश म्युझियमचा माणूस. त्यानं लांब नखं बघितली, पुढचे दात नाहीत हे बघितलं आणि ठरवलं की हा स्लॉथ आहे. स्लॉथ म्हणजे दक्षिण अमेरिकेतला तो झाडाला उलटा लटकणारा, अतिशय हळू चालणारा प्राणी. आपल्या अस्वलाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. शॉनं नाव दिलं 'ब्राडिपस अर्सिनस', म्हणजे अस्वलासारखा दिसणारा स्लॉथ. दोनच वर्षांनी, १७९३ मध्ये, मायर नावाच्या जर्मन अभ्यासकानं त्याला वेगळी प्रजाती दिली, 'मेलर्सस', म्हणजे मध खाणारं अस्वल. पुढे हा प्राणी जिवंत बघायला मिळाला तेव्हा युरोपातल्या बाकीच्यांचीही खात्री पटली. पण तोवर चुकीचं नाव चिकटलं होतं. इंग्रजीत आजही त्याला 'स्लॉथ बेअर' म्हणतात, आळशी अस्वल.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. कोणीतरी घाईत एका व्हेरिएबलला चुकीचं नाव देतो, मग ते नाव पन्नास फाइलींमध्ये जातं आणि बदलायची कोणाची हिंमत होत नाही. पुढे येणारा नवा पोरगा त्या नावावर विश्वास ठेवतो आणि फसतो.

गंमत म्हणजे पांडाचं अगदी उलट झालं. १८६९ मध्ये आर्मां दाविद नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं चीनच्या सिचुआन प्रांतात पांडाचं कातडं बघितलं आणि लिहिलं की हे काळं-पांढरं अस्वल आहे. बरोबर लिहिलं होतं बिचाऱ्यानं! पण पुढच्याच वर्षी पॅरिसच्या मिल्न-एडवर्ड्सनं हाडं आणि दात तपासून सांगितलं, हा तर तांबड्या पांडाच्या जवळचा. तिथून जो वाद सुरू झाला तो शंभरहून अधिक वर्षं चालला. १९८० च्या दशकात रेणूंच्या पातळीवर तपासणी झाली आणि पाद्री जिंकला. एका अस्वलाला स्लॉथ म्हटलं, दुसऱ्याला अस्वल म्हणायलाच नकार दिला. दोन्ही वेळा विद्वानांनी दात आणि हाडं मोजली. तो प्राणी दिवसभर करतो काय, हे बघायला कोणाला वेळ नव्हता.

आता लंडन-पॅरिसहून आपल्या नागपूरला येऊ. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार करून नागपूर त्याची राजधानी केली. सातपुड्याचं सगळं जंगल नव्या सरकारच्या नकाशावर आलं. अधिकारी आले, बंदुका आल्या. हिंस्र जनावरं मारणाऱ्याला सरकारी बक्षीस द्यायची पद्धत होती, आणि त्या यादीत वाघ-बिबट्यांबरोबर अस्वलही होतं. त्याच काळात या अधिकाऱ्यांनी पुस्तकंही लिहिली. कॅप्टन जेम्स फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ चं. रॉबर्ट स्टर्नडेलचं सिवनीच्या जंगलावरचं पुस्तक १८७७ चं. शिकाऱ्यांच्या लिखाणात अस्वल कसं दिसतं? चिडकं, बिनडोक, कारण नसताना अंगावर येणारं.

आणि मग १८९४ मध्ये रुडयार्ड किपलिंगचं जंगल बुक आलं. मोगलीचं जंगल म्हणजे सिवनीचं, नागपूरहून गाडीनं दोन-अडीच तासांवर. पेंचचं जंगल आज अर्धं मध्य प्रदेशात, अर्धं आपल्या नागपूर जिल्ह्यात. किपलिंग स्वतः मात्र सिवनीला कधी आला नव्हता, असं अभ्यासक सांगतात. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये राहून त्यानं या गोष्टी लिहिल्या, आणि स्टर्नडेलसारख्यांची पुस्तकं त्याच्या कामी आली. त्याचा बल्लू म्हातारा, झोपाळू, लांडग्यांच्या पिल्लांना जंगलाचा कायदा शिकवणारा गुरुजी. आपण टीव्हीवर बघितलेला बल्लू तर आणखीच लाडका. म्हणजे एकाच मुलखातल्या एकाच प्राण्याची दोन चित्रं झाली. शिकाऱ्याचं अस्वल खुनशी, गोष्टीतलं अस्वल प्रेमळ. जंगलात राहणाऱ्या माणसाला दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

तिसरं चित्र आपल्या गल्लीतलं. माझी आई महाल भागात वाढली. ती सांगते, दरवेशी यायचा, डमरू वाजवायचा, अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहून नाचायचं. आजीनं पोरं घाबरू नयेत म्हणून अस्वलाच्या केसाचा ताईत घेतला होता. ज्या प्राण्याला आपण चतुर्थीच्या चंद्राच्या गोष्टीत जांबुवंत म्हणून ओळखतो, स्यमंतक मण्यासाठी साक्षात कृष्णाशी लढलेला, तो आमच्या दारात आठ आण्यांसाठी नाचत होता. त्या नाचाच्या मागे काय असायचं हे आईला तेव्हा माहीत नव्हतं. पिल्लू मिळवायचं तर बहुतेक वेळा आईला मारावं लागे. मग तापवलेल्या सळईनं पिल्लाच्या नाकाला भोक पाडायचं, त्यातून दोरी घालायची आणि दात तोडायचे. दोरी ओढली की वेदना होते, वेदना झाली की अस्वल उभं राहतं. आपण त्याला नाच म्हणायचो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असं अस्वल पकडणं गुन्हा ठरवलं, १९९८ मध्ये केंद्र सरकारनं अस्वलांच्या खेळांवर बंदी आणली, पण रस्त्यावरचा खेळ थांबायला आणखी दहा वर्षं गेली. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेनं इतरांच्या मदतीनं सहाशेहून जास्त अस्वलं सोडवली आणि कलंदर समाजाच्या कुटुंबांना दुसरा धंदा सुरू करायला हात दिला. हे दुसरं काम महत्त्वाचं होतं. पिढ्यान् पिढ्या त्यांचं पोट त्या दोरीला बांधलेलं होतं, नुसती दोरी कापून चाललं नसतं. राजू नावाचं शेवटचं अस्वल डिसेंबर २००९ मध्ये बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्यात दाखल झालं. फार जुनी गोष्ट नाही ही. मी तेव्हा शाळेत होतो.

मग अस्वलाचा दिवस खरोखर बघितला कोणी? जॉर्ज शॅलर हे नाव ऐकलं असेल. हा माणूस १९६३ ते १९६५ आपल्या शेजारच्या कान्हाच्या जंगलात राहिला आणि त्यानं वाघ आणि हरणांचा अभ्यास केला. गोळी न घालता, महिनोन् महिने नुसतं बघून, लिहून. हाच शॅलर १९८० मध्ये चीनमध्ये वोलाँगला गेला आणि चिनी शास्त्रज्ञांबरोबर जंगली पांडाच्या मागे बसला. पांडा किती तास खातो, किती झोपतो, हे आज आपण रीलखाली कमेंटमध्ये फेकतो ते या असल्या बैठकीतून आलंय. आपल्या अस्वलाच्या दिनचर्येवरचा एक महत्त्वाचा शोधनिबंध १९७७ मध्ये आला, नेपाळच्या चितवनमधल्या निरीक्षणांवर. लॉरी आणि सायडेनस्टिकर हे त्याचे लेखक. शॉनं नाव दिलं १७९१ ला. मधली १८६ वर्षं मोजा.

चितवनमध्ये पुढेही काम झालं, आणि त्यात दिसलं की पिल्लं असलेल्या माद्या इतरांपेक्षा दिवसा जास्त फिरतात. का? कारण रात्री वाघ फिरतो. आणि इथे त्या 'बिनडोक रागाचं' उत्तर सापडतं.

२०१८ मध्ये ताडोबातला एक व्हिडिओ तुम्हाला फॉरवर्ड आला असेल. मटकासुर नावाचा वाघ पाणवठ्याजवळ आहे, पिल्लू घेऊन मादी अस्वल येते, वाघ तिला धरतो, आणि ती पळायच्या ऐवजी त्याच्यावर उलटते. बराच वेळ झुंज चालते आणि शेवटी दोघंही आपापल्या वाटेनं जातात. आता तिच्या जागी राहून विचार करा. वाघापेक्षा जोरात पळता येत नाही. झाडावर चढलं तर बिबट्याही चढतो. नजर कमी, नाक तेज, पण वारा उलटा असला तर नाकही फसतं. वारुळात तोंड घातलेलं असताना स्वतःच्याच आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. अचानक वर बघितलं आणि दहा पावलांवर कोणीतरी उभं आहे. लाखो वर्षं वाघाच्या शेजारात राहिलेल्या या प्राण्याला एकच गोष्ट जमते. उभं राहायचं, ओरडायचं, अंगावर जायचं. समोर माणूस आहे की वाघ, हे तपासायला तो थांबत नाही.

आणि समोर बहुतेक वेळा मोह वेचणारा माणूस असतो. मोहाचं फूल पहाटे गळतं. ऊन तापायच्या आत वेचायचं असतं, आणि उशीर केला तर जनावरं खातात. म्हणून लोक चार-साडेचारला टोपली आणि टॉर्च घेऊन निघतात. अस्वलही रात्रभर त्याच झाडांखाली असतं आणि ऊन चढेपर्यंत तिथून हलत नाही. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, तेव्हा पानासाठी माणूस आणि टेंभरासाठी अस्वल त्याच रानात. जुन्या मध्य प्रांतातल्याच, आता छत्तीसगडमध्ये असलेल्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळाचा एक अभ्यास आहे. एका वनविभागात, तीन वर्षांहून कमी काळात, १३७ हल्ले आणि ११ मृत्यू. जे वाचले त्यांतल्या अनेकांचं डोकं आणि चेहरा जखमी, कारण अस्वल उभं राहून पंजा मारतं.

आता आमच्या मामाआजोबांबद्दल. माझ्या आजीचे भाऊ, देवलापारकडच्या एका गावातले. मी चौथीत असताना एप्रिलमधल्या एका पहाटे ते मोह वेचायला एकटेच गेले. शेजारचा सोबती तापानं पडला होता. वाकून वेचत होते, झाडापलीकडे 'फुर्र-फुर्र' आवाज आला, त्यांना वाटलं डुक्कर आहे. पुढचं त्यांना नीट आठवत नाही. डावा डोळा गेला, गालावर खोल चर राहिला. लग्नाच्या फोटोत ते कायम उजवी बाजू पुढे करून उभे असतात, आणि उन्हाळा असो की हिवाळा, दुपट्टा अर्ध्या तोंडावर. आम्ही लहान पोरं त्यांच्याजवळ जायला घाबरायचो. मला आज त्याची लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात ते तपासणीसाठी नागपूरला आले होते. दुपार मोकळी होती, म्हणून त्यांना गोरेवाड्याच्या सफारीला नेलं. आपलं हे प्राणिसंग्रहालय २०२१ च्या २६ जानेवारीला सुरू झालं, तिथे वाघ-बिबट्यांबरोबर अस्वलंही आहेत. त्यांना न्यावं की नको, मी दोनदा विचार केला होता. बस अस्वलाच्या भागात आली. दुपारचे दोन वाजलेले, एक अस्वल सावलीत आडवं पडलेलं. मागच्या सीटवरचा एक मुलगा म्हणाला, "पप्पा, किती आळशी आहे हा!" मला लंडनचा तो शॉ आठवला.

मामाआजोबा काचेतून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आता झोपनच ना बाप्पा तो. त्याचा टाइम नाही हा." मी हळूच विचारलं, राग येत नाही का? ते म्हणाले, "कायचा राग? तो बी पोटासाठी गेलता, मी बी पोटासाठी गेलतो. आमचा दोघायचा टाइम एकच होता."

गाडीत बसल्यावर मला वाटलं, शॉ, शिकारी, किपलिंग, दरवेशी आणि आमचं व्हॉट्सॲप, एवढ्या सगळ्यांना जे दोनशे वर्षांत सुचलं नाही ते या माणसानं एका डोळ्यानं बघितलं होतं. अस्वल चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. ते कोणत्या वेळी कुठे असतं, हा प्रश्न आहे.

म्हणून जाता जाता कामाच्या चार गोष्टी. तुमच्यापैकी बरेच जण चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याचे आहात. गावी कोणी मोह किंवा तेंदूपत्ता वेचायला जात असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. एकट्यानं जाऊ नका. शक्यतो चांगलं उजाडल्यावर जा, अंधारात नको. चालताना मोठ्यानं बोला, खाकरा, काठी आपटा, मोबाइलवर गाणी लावलीत तरी चालेल, फक्त इअरफोन खिशात ठेवा. अस्वलाला आपण येतोय हे लांबूनच कळलं, तर बहुतेक वेळा तेच बाजूला होतं. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं किंवा ओढल्यासारखा, फुरफुरल्यासारखा आवाज आला तर तिथून मागे फिरा. आणि पिल्लू एकटं दिसलं तर मोबाइल काढू नका. आई जवळच आहे.

पांडा आणि आपलं अस्वल, आंतरराष्ट्रीय यादीत दोघांचीही नोंद आज एकाच रकान्यात आहे, 'असुरक्षित'. पांडाचं रील बघा, मीही बघतो. पण १२ ऑक्टोबर हा आपल्या या अस्वलाचा जागतिक दिवस असतो, २०२२ पासून. यंदा त्या दिवशी ग्रुपवर आपलंही अस्वल येऊ द्या, आणि 'आळशी' न लिहिता.

तुमच्या घरात कोणी दरवेशी बघितला असेल, मोहाच्या दिवसांतली कोणाची आठवण असेल, तर ती त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून पाठवा. हंगामाच्या आधी, फेब्रुवारीच्या शेवटी, त्या आठवणींचा एक एपिसोड करू. मामाआजोबा बोलायला तयार झालेत. फोटो नाही म्हणाले, फक्त आवाज.

भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या.